डेस्कटॉपच काहून?

बाबा म्हणाले, "डेस्कटॉपच घेऊ," आणि मला पहिला संशय आला.

संगणकाविषयी बाबांचे स्वतःचे मत असण्याचे काही कारण नव्हते. कारखान्यातल्या नोंदी ते कागदावर करत आणि दुसरे कोणी तरी त्या संगणकात भरत असे. आमच्या घरात तोवर संगणक आला नव्हता, एम.एस्सी.पर्यंतचे सारे काम मी विभागाच्या प्रयोगशाळेत, मैत्रिणीच्या लॅपटॉपवर आणि फोनवर उरकले होते. अशा माणसाने उपलब्ध प्रकारांपैकी एक, एकही प्रश्न न विचारता निवडावा? कारणाशिवाय आलेल्या निष्कर्षावर विश्वास ठेवायचा नाही, एवढे तर शिक्षणाने मला शिकवले होते.

"डेस्कटॉपच काहून?" मी विचारले.

"घरचा कम्प्युटर घरी राह्यला पाहिजे," ते म्हणाले आणि कूलरमध्ये पाणी टाकायला उठून गेले.

त्या एका वाक्याने माझी खात्रीच झाली. त्या उन्हाळ्यात मला दूरच्या शहरातल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.साठी जागा मिळाली होती. जुलैत रुजू व्हायचे होते. पत्र येऊन तीन आठवडे उलटले तरी बाबांनी "जा" म्हटले नव्हते आणि "जाऊ नको" असेही म्हटले नव्हते. आई तर विषय निघाला की पोळपाटाकडे वळत असे. घरात संगणक घेता येणार होता तो एकच. लॅपटॉप घेतला तर तो माझ्या बॅगेतून माझ्याबरोबर जाणार. डेस्कटॉप घेतला तर तो मनीषनगरातल्या आमच्या बैठकीत, खिडकीखाली, कायमचा बसणार, आणि त्याच्यासमोर बहुधा मीही. लॅपटॉप म्हणजे परवानगी, डेस्कटॉप म्हणजे नकार, असा माझा सरळ हिशेब होता. आमच्या घरात नकार तोंडाने दिला जात नाही. तो एखाद्या वस्तूच्या रूपाने आणून ठेवला जातो, असे मला तेव्हा वाटत होते.

बाबांच्या कामाविषयी इथे सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. ते कळमेश्वरच्या एका कारखान्यात आलेल्या मालाची तपासणी करतात. माल चांगला निघाला तर त्याला हिरवे स्टिकर लागते, नाकारला तर लाल. पिवळे स्टिकर सशर्त स्वीकाराचे: माल चालेल, पण खाली लिहिलेली अट पूर्ण झाल्यावर. प्रत्येक स्टिकरवर तारीख असते आणि दोन सह्यांची जागा असते, एक तपासणाऱ्याची, दुसरी मंजूर करणाऱ्याची. ही शिस्त बाबांनी घरी आणली. आमच्याकडे कोणतीही नवी वस्तू त्यांच्यासमोर उघडल्याशिवाय वापरात येत नाही. फ्रिज, मिक्सर, शिलाई मशीन, कूलर, सगळ्यांवर हिरवी स्टिकरे आहेत. कारखान्यात दुसरी सही साहेबांची असते. घरी ती जागा कोरी राहते. एका पाहुण्याने आमचा फ्रिज सरकारजमा झाला होता का, असे विचारले होते. पिवळे स्टिकर मी घरात एकदाच पाहिले होते, लोखंडी कपाटावर. त्याचे दार घासत होते. कारागिराने येऊन ते सरळ केले, तेव्हा बाबांनी पिवळे काढून हिरवे लावले.

अशा माणसाशी वाद घालायचा तर कागदानेच घालावा, म्हणून मी तक्ता केला. डेस्कटॉप; पडद्यातच सारी यंत्रणा असलेला एकसंध संगणक; लॅपटॉप; आणि की-बोर्ड जोडता येणारा टॅबलेट. निकष पाच: कामाची ताकद, ऊन आणि धूळ सोसण्याची क्षमता, दुरुस्तीची सोय, आयुष्य, आणि सोबत नेण्याची सोय. प्रत्येक निकषाला त्याच्या महत्त्वाप्रमाणे भार दिला, गुण भरले, गुणाकार केला. डेस्कटॉप पहिला आला.

मी तक्ता पुन्हा पाहिला. सोबत नेण्याच्या सोयीला फार कमी भार दिला गेला आहे, असे मला वाटले. तो वाढवला. लॅपटॉप पहिला आला. या दुसऱ्या तक्त्यावर मी "सुधारित" असे लिहिले आणि पहिला फाडून टाकला.

कबूल करण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. संस्थेच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर लिहिले होते की प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत स्वतंत्र संगणक देण्यात येईल. ते पान मी पहिल्या पानापासून वेगळे करून फाइलच्या तळाशी, दहावीच्या गुणपत्रिकेखाली ठेवले होते. घरी मी एवढेच सांगितले होते, "तिथं स्वतःचा लॅपटॉप लागतोच." सोयीचा लॅपटॉप आणि लागणारा लॅपटॉप यांतला फरक मला माहीत होता. तो घरी कोणाला कळायला नको होता, इतकेच.

दुसरा संशय आला तो मामांमुळे. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. वाडीला मालवाहतुकीच्या एका गोदामात काम करतात. रविवारी दुपारी टॉवेलने मान पुसत ते आले आणि पाणी प्यायच्या आधीच बोलले.

"भाऊजी, पार्ट घेऊन जोडूनच घ्या. माझ्या ओळखीचा माणूस हाय, घरी येऊन लावून देईन."

"मामा, तुमचं काय त्याच्यात?" मी विचारले.

"माझं काय राहीन वं? चहा पाजते तो मले. पोलिसात लागली का तू?"

"मग लॅपटॉपला काय झालं?"

"लॅपटॉपची एक बटन गेली का पूरा बोर्ड बदला. डेस्कटॉपचा की-बोर्ड गेला त फेक अन् दुसरा लाव. अन् बटनं कशी जाडजूड राहते, बोटाले समजते."

मामा फोनवरसुद्धा लिहीत नाहीत, बोलून पाठवतात. त्यांच्या बोटांना की-बोर्डची काळजी कधीपासून? कोणी तरी त्यांना हे पढवले होते. मी बाबांकडे पाहिले. ते वर्तमानपत्रात होते. आईकडे पाहिले, ती दिवाणावर बसून उजव्या-डाव्या हाताची बोटे मांडीवर हलकेच आपटत होती. काही दिवसांपासून तिला ही सवय लागली होती. टीव्ही पाहताना, भाजीवाल्याची वाट पाहताना, कधी जेवणाच्या टेबलावरसुद्धा. मी जाणार या चिंतेने तिचा जीव थाऱ्यावर नाही, असे मी त्याचे निदान केले होते आणि तेही मी बाबांविरुद्धच्या पुराव्यात जमा केले. तिघांचे ठरलेले होते. फक्त मला सांगायचे बाकी होते.

पुढच्या शनिवारी आम्ही तिघे बाजारात गेलो. दुकानदार चपळ होता. त्याने आम्हाला क्षणभर न्याहाळले आणि माझ्याकडे वळला.

"मॅडम, आजकाल डेस्कटॉप कोन घेते? लॅपटॉप घ्या. हलका-फुलका, कुठंबी घेऊन जा."

त्या अख्ख्या महिन्यात माझ्या बाजूने बोलणारा तो पहिला माणूस. मी त्याला बॅटरीविषयी, मेमरीविषयी विचारले. त्याने हवी तीच उत्तरे दिली. त्याने डबा पुढे केला आणि मी तो हातात घेणार, इतक्यात बाबांनी तो उलटा केला.

"हा खोलला हाय आधी."

"नाही काका, कंपनीतून असाच येते."

"टेपवर टेप कंपनी नाही लावत गा. खालची कापली, वरून दुसरी लावली. पाहा."

दुकानदाराने पाहिले नाही. तो "दुसरा पीस दाखवतो" म्हणत आत गेला. मला लाज वाटली, आणि ती बाबांची नव्हती. मी इतके दिवस घरातल्या प्रत्येकावर संशय घेत होते. ज्याने माझ्या मनासारखे बोलून मला वस्तू विकायला घेतली, त्याच्यावर मात्र एक क्षणही घेतला नव्हता.

आई या वेळात दुकानाच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथे मांडलेल्या प्रत्येक की-बोर्डवर ती बोटे ठेवून पाहत होती, दाबत नव्हती. मी जवळ गेले तशी ती हळूच म्हणाली, "याच्यात जुन्या मशीनवानी अक्षरं येते का वं, मराठीतले?"

"आई, आता फोनवर बोललं तरी लिहिलं जातं," मी म्हणाले. "कोण टाइप करत बसतं?"

तिने बोटे उचलून घेतली. आम्ही त्या दिवशी काहीच घेतले नाही.

घरी आल्यावर मी सुधारित तक्ता बाबांसमोर ठेवला. मला प्रकरण संपवायचे होते. त्यांनी चष्मा लावला, तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, आणि शेवटच्या रकान्याकडे न बघता भारांच्या रकान्यावर बोट ठेवले.

"हे कवा ठरवले?"

"काय?"

"हे भार. गुण द्यायच्या आधी, का मंग?"

मी तक्ता माझ्याकडे ओढू लागले, पण त्यांचे बोट तिथेच होते.

"आमच्याकडे माल खोलायच्या आधी निकष लिहितात, अन् त्याच्यावर सही घेतात. माल पाहून निकष लिहिला का मंग कोणताबी माल पास होते." ते रागावलेले नव्हते, नवख्या माणसाला काम समजावून सांगावे तसे बोलत होते. "अन् वापरणार कोण-कोण, थे कुठं लिहिलं?"

"मी. थोडं तुम्ही."

"हिले इचारलं?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "राहू द्या न जी. तिले घाई हाय."

"बाबा, सरळ सांगा," मी म्हणाले. रागावले की मी घरातही पुस्तकी मराठी बोलू लागते. "मी जाऊ नये म्हणून तुम्हाला डेस्कटॉप हवा आहे. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

बाबांनी चष्मा काढला. त्यांना खरोखरच काही कळले नव्हते असे दिसले.

"तू गेल्यावर हिनं काय पाटीवर टाइप करायचं?"

मग तुकड्यातुकड्याने कळले. लग्नाआधी आईने मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती. प्रमाणपत्र त्याच लोखंडी कपाटात होते. मागच्या गल्लीतल्या एका वकील बाईंना अर्ज आणि मसुदे घरून टाइप करून देणारे कोणी हवे होते. आईने त्यांना हो म्हटले होते, आणि टाइपरायटरवरची अक्षरांची जुनी मांडणी बोटांना आठवावी म्हणून ती मांडीवर सराव करत होती. मामांना जाड बटणांचे तिनेच सांगितले होते.

"मले काहून नाही सांगितलं?" मी विचारले.

"तू हसली असती," आई म्हणाली. "आज दुकानात हसलीच न."

मी हसले नव्हते. पण मी जे म्हणाले होते, ते हसण्याहून बरे नव्हते.

"अन् तिथं तुले मशीन देऊन राहिले न ते लोक," बाबा म्हणाले. "दुसऱ्या पानावर लिहिलं हाय. लॅपटॉप पाहिजेच त पहिल्या स्टायपेंडचा घेजो. टेप पाहून."

दुसरे पान. मी उठले आणि खोलीत जाऊन फाइल काढली. गुणपत्रिकेखाली ते पान होते, जिथे ठेवले होते तिथेच. फक्त त्याला पहिले पान टाचलेले होते. घरात आलेला कोणताही कागद बाबांनी तपासल्याशिवाय राहतो, असे मी कशाच्या आधारावर धरून चालले होते? पत्र उलटे केले. मागे पिवळे स्टिकर होते.

तारीख पाहिली. पत्र आल्याच्या तिसऱ्या दिवसाची. मी मामांची उलटतपासणी केली, तक्ता फाडला, आईच्या बोटांचे निदान केले, ते सगळे त्यानंतरचे. अटीच्या जागी बाबांच्या बारीक, कोरल्यासारख्या अक्षरात लिहिले होते: "घरी मशीन लावून, आईला पूर्ण शिकवून मग." तपासणाऱ्याच्या जागी बाबांची सही होती. आणि घरातल्या कोणत्याही स्टिकरवर जी जागा आजवर कोरी राहिली होती, त्या मंजूर करणाऱ्याच्या जागी आईने पूर्ण नाव लिहून सही केली होती.

डेस्कटॉप आला तो दुसऱ्या दुकानातून. बाबांनी प्रत्येक डब्याचा क्रमांक बिलाशी जुळवला. कूलरचा ओलावा लागू नये म्हणून खिडकीखालची जागा रद्द करून मशीन आतल्या भिंतीशी ठेवले, आणि वीज गेली तर लिहिलेले पुसले जाऊ नये म्हणून बॅटरीचा डबा जोडला. मी टाइपरायटरची ती जुनी मांडणी त्यात बसवून दिली. आईने खुर्ची पुढे ओढली, पदर खोचला आणि पडद्याकडे बघत, बटणांकडे एकदाही न बघता, पहिली ओळ लिहिली. मला ते जमत नाही. मी अजून दोन बोटांनी मराठी लिहिते.

मग तिने विचारले, "आता हे ठेवायचं कसं? मिटून त नाही जाणार?"

मी शिकवू लागले. फाइल जतन करणे, नाव देणे, पुन्हा शोधणे, छापणे. तिला सगळे लवकर समजत होते, तरी प्रत्येक पायरी ती माझ्याकडून तीनदा करवून घेत होती. चौथ्या दिवशी मला शंका आली की तिला हे पहिल्याच दिवशी आले असावे, आणि अट पूर्ण व्हायची तिला घाई नसावी. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"समजलं का?" मी विचारले.

"अजून एकदा दाखव," ती म्हणाली.

मी दाखवले. या वेळी मी पुरावा मागितला नाही.