तिसरी बोट आपली

आखातातल्या रुवैस गावाहून दुबई विमानतळ गाठेपर्यंत मी पासपोर्टचा पाउच चार वेळा चाचपला. माझी नोकरी रिफायनरीत सेफ्टीची. कार्डाशिवाय माणूस आत नाही, सायरन झाला की आधी डोकी मोजायची. घरीही तेच. पुण्याहून आलेली आई, बारा वर्षांची रिया आणि मी, तिघांचे कागद माझ्याच गळ्यात. "बाबा, चिल," रिया म्हणाली. कसलं चिल! बायकोला रजा नाही, आईला मराठी आणि मोडकं हिंदी, आणि जायचं कुठे, तर रशियात, व्होल्गा नदीवर.

मॉस्कोच्या धक्क्यावर बोट पाहिली. सोव्हिएत काळातली, चार मजली, वयाने माझ्याहून थोरली. आत मात्र पितळी कठडे लखलखीत. मी आधी लाइफ जॅकेटं मोजली. जेवणात ग्रेच्का (आपल्या कुट्टूचेच दाणे) आलं. "उपासाचं म्हणायचं नि खायचं," म्हणत आईने त्यावर दही ओतलं.

बोटीची रीत अशी, की उतरताना काउंटरवर खोलीची किल्ली देऊन कार्ड घ्यायचं, परतल्यावर उलट. किल्ली खिळ्यावर म्हणजे माणूस बाहेर. मला ही पद्धत भलतीच आवडली. तिन्ही कार्डं अर्थातच माझ्या पाउचमध्ये.

उग्लिच गावी धक्का लहान. बोटी एकमेकींना खेटून लावतात आणि एकीतून चालत दुसरीत जायचं. आमची तिसरी होती. गावात फिरताना आईचे पाय भरून आले. धक्का समोरच दिसत होता. "दोन बोटी ओलांड, तिसरी आपली," मी सांगितलं आणि तिला पुढे पाठवलं.

अर्ध्या तासाने रिया नि मी परतलो, तर आईची किल्ली खिळ्यावर तशीच. "आजी गावात," काउंटरवरच्या बाई मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. मी धक्क्याकडे पळणार, तोच रियाने बाही धरली. "बाबा, वुई क्रॉस्ड ओन्ली वन! आवर बोट इज सेकंड नाउ."

आम्ही गावात असतानाच मधली बोट निघून गेली होती, आमची आत सरकली होती आणि पलीकडे हुबेहूब तसलीच तिसरी येऊन लागली होती. तिचा भोंगा वाजला. खलाशी दोर सोडत होता.

"यल्ला, दोन मिनिटं!" रशियात माझ्या तोंडून हे अरबी 'चला' निघालं. त्याने कार्ड मागितलं, मी तिन्ही नाचवली. तो मान हलवत राहिला. रिया त्याच्या हाताखालून आत घुसली, मी मागोमाग.

तिसऱ्या मजल्यावर, तिच्याच खोलीच्या नंबरच्या दारासमोर आई जमिनीवर बसली होती. मला पाहताच रडायला लागली. "सोडून गेलात वाटलं रे. सगळे काहीतरी विचारत होते. दाखवायला माझ्याकडे काय होतं? साधी नावाची चिठ्ठी नाही."

तिला हाताला धरून उठवलं आणि दोर सुटायच्या आत आम्ही आमच्या बोटीवर परतलो. चूक सगळी माझी होती.

दुबईला उतरल्यावर आईने हात पुढे केला. "माझा पासपोर्ट." मी दिला. तिने पर्समध्ये ठेवून चेन ओढली.

मी रोज शंभर माणसांची कार्डं तपासतो, पण आईच्या हातात तिचंच कार्ड द्यायला मला भीती वाटली होती, ती ते हरवेल म्हणून.

रुवैसच्या वाटेवर पेट्रोल पंपाशी राहवेना. "आई, पासपोर्ट नीट ठेवलायस ना?"

डोळे मिटूनच ती म्हणाली, "मी तुला विचारते का?"