विजयकरांच्या कुत्र्याचं नाव

आमच्या वाडीत कुणाच्या घरी काय शिजतंय ते नाकाला कळायचं आणि कुणाच्या घरी काय बिनसलंय ते कानाला. त्यामुळे श्यामकांत विजयकरांनी कुत्र्याचं नाव ठरवायला महिना घेतला, तेव्हा तो महिना सगळ्या वाडीने भोगला.

कुत्रा साधासुधा नव्हता. ग्रेट डेन जातीचा, पूर्वी रानडुकरांच्या शिकारीला न्यायचे तसला हाउंड. श्यामकांतभाऊ फोर्टातल्या एका जहाज कंपनीत हेडक्लार्क होते. त्यांचा साहेब कायमचा विलायतेला निघाला आणि जाताना हे पिल्लू भाऊंच्या गळ्यात घालून गेला. पिल्लू आपलं म्हणायचं. मागच्या पायांवर उभं राहिलं की त्याचे पंजे उर्मिलावहिनींच्या खांद्यावर पोचायचे. ठाकूरद्वारच्या त्या दोन खोल्यांत ते वळलं की शेपटीने कपबशा खाली यायच्या आणि भाऊ कौतुकाने म्हणायचे, जातिवंत आहे.

साहेबाने त्याला ड्यूक म्हटलं होतं. पण ते पंचावन्न सालचे शेवटचे दिवस. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, असं भिंतीभिंतीवर लिहिलेलं, रोज कुठे ना कुठे सभा. ड्यूक म्हणून हाक मारली की वाडीतली पोरं हुर्यो करायची. भाऊंनाही ते नाव नकोच होतं. त्यांना मराठी नाव हवं होतं, भारदस्त, विजयकरांच्या घराला शोभेल असं. रोज संध्याकाळी कचेरीतून आले की गॅलरीत खुर्ची टाकून ते नवं नाव काढायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. गजेंद्र झालं, रणधीर झालं. मी शाळेत शास्त्र शिकवायची, पण मास्तरीण म्हटली की तिला सगळंच यायला हवं. भाऊ भिंतीपलीकडून विचारायचे, संस्कृतात वाघाला आणखी काय म्हणतात ते सांग. मला हसू यायचं आणि रागही यायचा. कारण हा सगळा खल चालू असताना वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असायच्या, आणि एका अक्षराने बोलायच्या नाहीत.

मोठ्या नावांचा त्यांनी धसका घेतला होता. तो का, ते वाडीतल्या जुन्या बिऱ्हाडांना ठाऊक होतं.

वहिनी मूळच्या माहीमच्या. सोळाव्या वर्षी लग्न होऊन वाडीत आल्या. पहिला मुलगा झाला तेव्हा भाऊंनी त्याचं नाव मनमोहन ठेवलं. तो वर्षाचा व्हायच्या आत गेला. मग मुलगी झाली, लतिका. ती भिंत धरून उभी राहायला लागली आणि तिला गोवर निघाला. तिसऱ्या वेळी मुलगा झाला तेव्हा जाईबाईने स्पष्टच सांगितलं. जाईबाई वाडीतल्या यच्चयावत बाळंतिणींना आणि पोरांना न्हाऊमाखू घालायची. तिचं म्हणणं होतं की हे मूल कोंड्यावर घ्या.

ज्या घरात मुलं वाचत नाहीत तिथे करायची ही रीत. मूल सुपात घालून परक्या बाईच्या हाती द्यायचं. तिने ते नेऊन उकिरड्यापाशी ठेवायचं, टाकून दिल्यासारखं. मग आईने मूठभर कोंडा देऊन तिच्याकडून ते विकत घ्यायचं, आणि नाव ठेवायचं कोंडू, नाहीतर कोंडीराम. टाकाऊ वस्तूकडे मरण वळून बघत नाही, असा समज. मी शास्त्र शिकवणारी बाई, मला यात काय तथ्य वाटतं ते सांगायला नको. पण दोन मुलं पोचवून आलेल्या आईपुढे शास्त्र कुणी बोलावं? तिला हाताशी काहीतरी हवं असतं.

वहिनींनी भाऊंची विनवणी केली. माझी आई तिथे होती, तिने पुढे कितीदा तरी सांगितलं. भाऊ बी.ए. झालेले, वाडीच्या वाचनालयाचे चिटणीस. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. विजयकरांच्या मुलाला जन्मभर शाळेत, कचेरीत कोंडीराम म्हणून हाका मारलेल्या मला चालणार नाहीत, म्हणाले, आणि विषय संपला. बारशाला पेढे वाटले, गुलाबपाणी शिंपडलं, नाव ठेवलं रणजित. तिघांत तो देखणा होता. चालायला लागला, आई म्हणायला लागला आणि घटसर्पाने चार दिवसांत गेला. त्यानंतर त्या घरात पाळणा हलला नाही. वहिनींनी भाऊंना कधी बोल लावला नाही. लावला असता, भांडीकुंडी आपटली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

तर अशा घरात हा कुत्रा आला. सुरुवातीला वहिनी त्याला हातही लावत नसत. पण जनावर मोठं चिकट. त्या ओट्याशी उभ्या राहिल्या की हे मागून त्यांच्या कमरेला डोकं टेकून उभं. त्या बसल्या की तेही बसायचं आणि आपलं ते अवजड तोंड त्यांच्या मांडीवर टाकून द्यायचं. हळूहळू वहिनी त्याच्यासाठी मटणाच्या हाडांचा रस्सा काढायला लागल्या. मग त्याच्याशी बोलायला लागल्या. भिंतीपलीकडून ते बोलणं ऐकू यायचं आणि मी वह्या तपासायच्या थांबायची. कितीतरी वर्षं ती बाई हो आणि नाही यापलीकडे बोललेली नव्हती. एक दिवस त्या चक्क हसल्या. कुत्र्याने भाऊंचा कचेरीत जायचा जोडा चावून चोथा केला होता.

नाव मात्र त्या घ्यायच्या नाहीत. अरे, म्हणायच्या, ये रे. तेवढ्यावर तो यायचा.

अखेर संक्रांतीच्या दिवशी भाऊंनी नाव जाहीर केलं. शार्दूल. वाडीला तिळगूळ आणि वर पेढे. भाऊंनी शब्दाचा अर्थ सांगितला, कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. वहिनी आतच होत्या. मी तिळगूळ घ्यायला गेले तर डबा हातात धरून नुसत्या उभ्या. मला म्हणाल्या, पेढे कशाला आणले यांनी.

त्यानंतर दोनच दिवसांनी कुत्र्याने रश्श्याला तोंड लावलं नाही, आणि त्याच सुमाराला मुंबई पेटली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या ताब्यात राहणार, हे रेडिओवर ऐकलं आणि गिरगाव रस्त्यावर आलं. दगड, जळते टायर, अश्रुधूर, मग गोळ्या, मग कर्फ्यू. गॅलरीत नुसतं उभं राहायची चोरी. शेजारपाजारच्या वाड्यांतून माणसं गेल्याच्या बातम्या येत होत्या. अशा दिवसांत एका कुत्र्यापायी जीव टांगणीला लागावा याची लाज वाटायची. पण लागला होता, हेही खरं.

कुत्र्याचे डोळे चिकटले, नाकातून पू यायला लागला, मग फेफरं आल्यासारखे झटके. अश्रुधूर खिडकीतून आत यायचा तेव्हा वहिनी ओल्या फडक्याने आधी त्याचे डोळे पुसायच्या, मग स्वतःचे. जेवण त्यांनी सोडलंच होतं. मी पेज घेऊन जायची, ती तशीच निवून जायची. माझी खात्री झाली होती की हे जनावर गेलं तर ही बाईही राहणार नाही. कर्फ्यू तासा-दोन तासांपुरता उठला की भाऊ खाली धावायचे, गाडी शोधायचे, हात हलवत परत यायचे.

शेवटी एक व्हिक्टोरियावाला घोडा जुंपायला तयार झाला. कुत्र्याला चादरीत घालून आम्ही तिघांनी जिना उतरवला आणि परळला जनावरांच्या इस्पितळात नेलं. रस्ताभर फुटलेल्या काचा, लालबागला दुकानं बंद, नाक्यानाक्यावर पोलीस. डॉक्टर भला माणूस होता. डिस्टेंपर आहे, म्हणाला, रोग मेंदूत चढलाय. यातून क्वचितच एखादा उठतो. सुई देऊन शांत करू का, असं त्याने हळूच विचारलं. भाऊंनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी चादरीची टोकं गोळा केली आणि एकट्याच त्याला उचलायला लागल्या.

परतल्यावर त्या कुत्र्यापाशी जमिनीवर बसल्या. मी दारात होते. भाऊ खुर्चीत डोकं धरून बसलेले. वहिनी त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "मला याला कोंड्यावर घेऊ द्या."

भाऊंना आधी उमजलंच नाही. मग त्यांचा चेहरा उतरला. "अगं, कुत्रा आहे तो."

"म्हणून तर विचारतेय. याला तुम्ही नाही म्हणणार नाही."

भाऊंनी मानेनेच हो म्हटलं.

जाईबाईला मी बोलावून आणलं. ती आता म्हातारी झाली होती, पण काय करायचंय ते ऐकून हसली नाही. सुपात तो कुत्रा मावणं शक्यच नव्हतं, म्हणून तिने त्याचं डोकं आणि पुढचे दोन पाय तेवढे सुपात ठेवले. मी आणि भाऊंनी मागची बाजू धरली. सगळ्या जगाला हसू यावं असं ते दृश्य. पण बघायला कुणी नव्हतं आणि हसायला आम्हाला येत नव्हतं. जिन्याखाली कचऱ्याच्या पिंपापाशी त्याला ठेवलं. वहिनी वरून कोंडा घेऊन आल्या.

"कुणाचं गो हे?" जाईबाईने रीतीप्रमाणे विचारलं.

"कुणाचंच नाही," वहिनी म्हणाल्या. "टाकलेलं आहे."

त्यांनी मूठ जाईबाईच्या ओच्यात रिकामी केली, कुत्र्याच्या कानाशी वाकल्या आणि कोंडीराम म्हणाल्या. एकदा नाही, कितीतरी वेळा. भाऊ पिंपाला हात टेकून उभे होते. ठाकूरद्वारच्या नाक्यावर कुठेतरी गोळीबाराचा आवाज झाला, तशी जाईबाई आम्हाला घाईने वर घेऊन गेली.

पुढचे दिवस वहिनींनी त्याला चमच्याने पाणी पाजलं, अंडं घोटून घातलं, त्याची घाण काढली. शार्दूल हा शब्द घरात कुणी काढायचा नाही, अशी त्यांनी ताकीद दिली होती. भाऊ ती काटेकोर पाळत होते. वाचनालयाचा चिटणीस हलक्या आवाजात कोंडू, कोंडू म्हणतोय, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. झटके येतच होते. दर झटक्याला वाटायचं, हाच शेवटचा.

आणि कुत्रा उठला. कर्फ्यू उठल्यावर दूध यायला लागलं त्या सकाळी त्याने मान उचलली, धडपडत पुढचे पाय रोवले आणि वहिनींच्या हातातली वाटी चाटूनपुसून साफ केली. भाऊंनी मला भिंतीवर थाप मारून बोलावलं. ते रडत होते, हसत होते, माझे दोन्ही हात धरून म्हणत होते, जगला गं, आमचा कोंडीराम जगला. मीही रडले. वहिनींचं तोंड बघायला वळले तर त्या वाटी हातात घेऊन तशाच बसलेल्या, आणि त्या चेहऱ्यावर आनंदाचा लवलेश नव्हता.

"मूठभरच लागला," त्या म्हणाल्या.

भाऊ हसायचे थांबले.

"तेव्हाही घरात होता. डबा भरून होता कोंडा. मूठभरच लागला असता."

मग त्यांनी जो हंबरडा फोडला तो माझ्या कानातून अजून गेलेला नाही. तीन मुलं गेली तेव्हा ती बाई अशी रडली नव्हती. भाऊ जवळ गेले, समजवायला लागले. घटसर्प वेगळा, डिस्टेंपर वेगळा, क्वचित एखादा उठतो असं डॉक्टरच म्हणाले होते, हा योगायोग आहे. सगळं बरोबर बोलत होते ते. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि कुत्र्याचं तोंड पदराने पुसलं.

कुत्रा पुढे आठनऊ वर्षं जगला. एक पाय तेवढा सारखा उडत राहायचा, रोगाची खूण म्हणून. साठ साली महाराष्ट्र झाला तेव्हा वाडीत रोषणाई होती आणि तो गॅलरीत फाटक्या गाद्यांच्या ढिगावर राजासारखा बसला होता. एवढं धिप्पाड जनावर आणि नाव काय तर कोंडीराम, म्हणून येणारेजाणारे हसायचे. वहिनी पुन्हा बोलेनाशा झाल्या होत्या. भाऊंशी तर नाहीच. दिवसातून वीसदा त्या कुत्र्याला हाक मारायच्या, स्पष्ट, सावकाश, शेवटपर्यंत. भाऊ घरात असले की जास्तच, असं मला वाटायचं. कदाचित माझ्या मनाचे खेळ असतील.

त्याच साली एका संध्याकाळी भाऊ आमच्याकडे येऊन बसले. चहा घेतला नाही. टोपी हातात फिरवत त्यांनी विचारलं, "नलू, तू शास्त्र शिकवतेस. नावाने काही होतं का गं?"

मी म्हटलं, नाही हो भाऊ. घटसर्पाला कुणाचं नाव कळत नाही.

"मीही तिला तेच सांगितलं," ते म्हणाले. "पण ठेवायला काय हरकत होती? पोराला शाळेत हसले असते. हसू द्यायचं होतं."

भिंतीपलीकडे वहिनी कुत्र्याला जेवायला हाक मारत होत्या. भाऊंनी मान खाली घातली आणि ती हाक थांबेपर्यंत आमच्याकडेच बसून राहिले.