पेटीतल्या गोळ्या

तेव्हा गावदेवीपुढे मी दोनच गोष्टी मागत होते. माझा जीव वाचव आणि माझी गोष्ट झाकून ठेव. देवी दोन्ही देईल असा भरवसा नव्हता, पण मागायला काय जातं?

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. खाडीकाठच्या बोनकोडे गावात सून म्हणून येऊन मला चार वर्षं झाली होती. एका सकाळी चुलीपुढेच फिट आली, आठवड्यात दुसरी. खाडीपुलावरून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. मेंदूच्या फोटोत गाठ दिसली. ट्यूमर वाटतोय, डोकं उघडावं लागेल, डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, पूर्वी कधी टीबी झाला होता का? शेजारी सासूबाई उभ्या होत्या. मी नाही म्हटलं. खरं तर लग्नाआधी मला छातीचा टीबी झाला होता. जरा बरं वाटताच औषध सोडलं, आणि सोयरीक मोडेल म्हणून माहेरी सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं. उरलेल्या गोळ्या माझ्या पेटीत साड्यांखाली होत्या. टाकणार कुठे, उकिरड्यावरही गावाचं लक्ष.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी सासूबाईंनी मला गावदेवीचा अंगारा लावला. घरी माझी तीन वर्षांची मुलगी होती. मागून मागून मी थकले होते. डोळे मिटून म्हटलं, आई, खरं बोलायला माझं तोंड उघडत नाही, आता तुला हवं तसं कर. एवढ्यात डॉक्टर आले आणि सासूबाई पुढे झाल्या.

"डॉक्टर, हिला लग्नाचे आधी टीबी झालता. औषध अर्धाच खाल्ला. पेटीन गोल्या हायेत, माना म्हाइत हाय."

जन्म मिठागरात गेलेली, तिथल्या टीबीवाल्यांच्या हातात अशाच गोळ्या पाहिलेली, सहीच्या जागी अंगठा उठवणारी ही बाई डॉक्टरांच्या नजरेला नजर देऊन बोलत होती. लाजेने मेले मी, पण डॉक्टर स्टूल ओढून बसले आणि सगळं नीट विचारू लागले. मेंदूतली गाठ टीबीचीही असू शकते, असं म्हणत ऑपरेशन थांबवून त्यांनी टीबीची औषधं सुरू केली. काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढला तेव्हा गाठ निम्मी झाली होती, पुढे दिसेनाशीच झाली.

इतकी वर्षं गप्प का राहिलात, मी नंतर विचारलं.

"तू सांगशील म्हनून वाट बघत होते. आन राग हाय तो गोल्या सोडल्यास त्याचा. टीबीचा नाय."

बातमी गावभर झालीच. पुढच्या जत्रेत जावा माझ्या हातचं खायला कचरू लागल्या. सासूबाईंनी नैवेद्याच्या भाकऱ्या मलाच थापायला लावल्या आणि देवळाच्या ओट्यावर, सगळ्यांदेखत, प्रसादाचा पहिला घास स्वतः मोडला. "माझी सून हाय," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी माझी मान जी ताठ झाली ती आजवर तशीच आहे.

देवीने माझं अर्धंच मागणं ऐकलं, आणि तेच बरं झालं. आता मी तिच्यापुढे फक्त हात जोडते, काही झाकून ठेव म्हणत नाही. सासूबाई गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. तव्यावरची पहिली भाकरी अजून त्यांच्या नावाने काढते.