मोहफुलांच्या कुकी

यंदा आषाढात सानगडीत बातमी फिरली, की शकुनबाई घरात मोहाची दारू गाळते. बातमी मी उठवली नाही, मी फक्त ती घरोघरी पोहोचवली. खरं कळलं ते याहून हलकं निघालं. दारू गाळायला निदान अक्कल लागते. शकुनबाई बिस्किटं भाजत होती.

बिस्किटं म्हटलेलं तिला चालत नाही. कुकी म्हणायचं. तिची सून टीना नागपूरची. दिवाळीला आली तेव्हा वजन उतरवायला ओट्सचा डबा घेऊन आली आणि वजन घेऊन परत गेली. डबा इथेच राहिला. शकुनबाईनं मूठभर ओट्स म्हशीपुढे टाकून पाहिले, तर म्हशीनं मान फिरवली. म्हशीनं नाकारलेलं बाजारात मांडावं, हे हिलाच सुचायचं.

कृती मोबाईलवरची. त्यात मनुका, बदाम, लोणी, चॉकलेट. हिच्याकडे मनुका कुठल्या? घातली वाळलेली मोहफुलं. बदामाच्या जागी चारोळी आणि शेंगदाणे. चॉकलेट तेवढं खरं, किराणा दुकानातलं, उन्हाळ्यात वितळून पुन्हा घट्ट झालेलं. ओव्हन म्हणजे शिट्टी काढलेला कुकर, तळाला मीठ.

मोहफुलं धुऊन तिनं पातेल्यात भिजत घातली आणि नेमका रोवणा लागला. बाई दिवसभर धानाच्या बांधीत रोपं लावत वाकलेली, पातेल्याची आठवण कोणाला? आठवण झाली तेव्हा पातेलं फेसाळून वर आलं होतं. वास असा, की रस्त्यानं जाणारा टिकाराम सरळ अंगणात शिरला आणि गिलास मागू लागला. त्यानं चौकात जाऊन जे सांगितलं, तीच ती बातमी.

बचत गटाच्या अध्यक्ष आनंदाबाईंच्या कानावर ती गेलीच. गटाचं आठवडी बाजारात एक टेबल असतं. शकुनबाई गटात आल्यापासून दुसऱ्यांच्या पापड-कुरड्यांच्या पिशव्या बांधून द्यायची. स्वतःचं काही मांडायची तिची ही पहिलीच पाळी. आनंदाबाईंनी दारात उभं राहूनच सांगितलं, "शकुन, लोकं आपल्या गटाले दारूवाल्या बायांचा गट म्हनतीन. तुह्या कुकी टेबलावर नाई ठेवाच्या."

"मंग सगळ्यायच्या समोर करून दाखवतो," शकुनबाई म्हणाली. "वास आला तं मीच उकिरड्यात फेकतो."

फेसाळलेलं पातेलं तर आधीच उकिरड्यात गेलं होतं. दुसऱ्या दिवशी अख्खी आळी तिच्या अंगणात. मीही गेलो. फजिती फुकट पाहायला मिळत असताना घरी कोण बसतं? या खेपेला तिनं मोहफुलं न भिजवता तव्यावर कोरडीच भाजली, कुटली, ओट्समध्ये गूळ-लोण्यासोबत कालवली. कुकर उघडला तेव्हा आत भेगाळलेल्या गोवऱ्या. चेहरा मात्र तिचा असा, जणू घरात बाळ जन्मलं.

आनंदाबाईंनी एक उचलली, हुंगली आणि तोंडात न घालता माझ्याकडे सरकवली. "भाऊजी, मोहाचा वास तुमाले दुरून समजते. तुमीच सांगा."

आळी खिदळली. मी खाल्ली ती थुंकायच्या तयारीनंच. काठ करपलेला, मध्ये चिवट, चॉकलेट दाताला चिकटलेलं. दारूचा वास नव्हता, हे कबूल करावं लागलं. पण म्हैस मालकिणीपेक्षा शहाणी आहे, हेही मी तिथंच सांगून टाकलं. ते नीट पटवायला दुसरी खावी लागली. दुसरी पहिलीसारखीच वाईट आहे की कसं, ते पाहायला तिसरी.

आनंदाबाई माझं बोलणं ऐकत नव्हत्या, हात पाहत होत्या. त्यांनी शकुनबाईला सांगितलं, बाजाराच्या दिवशी टेबलाचा डावा कोपरा तुझा, डबा झाकणाचा आण.

ओट्स म्हणजे मुळात घोड्याचा चारा, हे मी आळीला समजावून सांगू लागलो होतो. शकुनबाईनं ताट माझ्या हाताखालून ओढून घेतलं.

"नावं ठेवा ना भाऊजी, कोन नाई म्हनते. पन आदी तोंडातला घास गिळा. भुगा सांडून राहिला."