बाजेवरचं मनोविश्लेषण

आमच्या घराण्यात लिहिणारा मी पहिलाच. माझ्याआधी आमच्याकडे फक्त अंगठे उठत. तेव्हा मनोविश्लेषणासारख्या विषयावर मी लिहावं हे जरा जास्तच होतंय. जाणकारांनी माफ करावं. मला त्यातलं एका पुस्तकापुरतंच कळतं, आणि तेही मी देवळालीजवळच्या आमच्या गावी, सुट्टीत, उसाला पाणी देता देता वाचलेलं.

स्वातंत्र्य नुकतंच आलं होतं. नगरच्या कॉलेजात सरांनी सांगितलं होतं की दाबलेली इच्छा मरत नाही, आडवाटेनं बाहेर येते. तेव्हापासून मी दाबलेल्या इच्छेचा माणूस शोधत होतो. तो घरातच निघाला. दादाच्या लग्नात श्रीगोंद्याच्या व्याह्यांनी आबांना, म्हणजे आमच्या वडलांना, मानाचा फेटा बांधायच्या ऐवजी हातात टोपी ठेवली होती. त्या दिवसापासून आबांनी वहिनीचं माहेर बंद केलं. तिला न्यायला आलेला भाऊ दारावरून परत गेला, तेव्हाही ती खाली मान घालून भाकरी थापत राहिली.

पुस्तकात उपचार असा होता: रोग्यानं आडवं पडून मनात येईल ते बोलावं, डॉक्टरनं उशाशी बसून ऐकावं. पण आमच्या घरात सून दिवसा आडवी झाली म्हणजे एकतर बाळंतपण, नाहीतर शेवट. दिवसा आडवं पडायचा अधिकार एकट्या आबांचा. मग मी त्यांच्याच बाजेच्या उशाशी जाऊन बसलो.

"आबा, मनात येईल ते बोला."

"कशापायी?"

"मन मोकळं होतं."

"माझं मोकळंच हाय. तू पानी कुठवर आलंय ते बघून ये."

"स्वप्न तरी सांगा."

डोळे मिटूनच ते म्हणाले, "बाजारात हुबा हाय. समद्यांच्या डोक्याला फेटं, आन् मी बोडका."

मी सरसावून बसलो. "म्हणजे त्या फेट्याची सल तुमच्या मनात..."

"पित्त हाय ते," म्हणत आबा कुशीवर वळले. माझा पहिला रोगी घोरू लागला.

मग वहिनीकडे गेलो. ती शेंगा फोडत बसली होती. म्हटलं, माहेरी जायचंय असं आबांना सरळ सांगून टाका.

ती हसली. "भावजी, तुमच्या पुस्तकात सासरा हाय का?"

नव्हता. बाप पानोपानी होता, पण सासरा कुठंच नव्हता.

मी आणखी फोड करून सांगितलं. जे तोंडानं बोलता येत नाही ते स्वप्नात येतं. जत्रेत बायांच्या अंगात येतं ना, तिथंही देवी नसते, बाईची दाबलेली इच्छाच बोलत असते.

"पर मानसं तर पाया पडत्यात."

"त्यांना कुठं माहीत असतं?"

"आन् तिनं सासऱ्याला आरं-तुरं क्येलं तर?"

"देवीला कोण अडवणार?" मी शास्त्रीय तटस्थपणे म्हणालो.

"व्हय," म्हणून ती पुन्हा शेंगा फोडू लागली. मला वाटलं, विषय तिच्या डोक्यावरून गेला.

कॉलेजात परतल्यावर मी निबंधात लिहिलं की आपल्या समाजात मनोविश्लेषण रुजणं अवघड, कारण सुनेला बाज नाही. सरांनी ते वाक्य खोडलं. मला ते अजून खरं वाटतं, चुकतही असेन. वहिनीची मात्र काळजी लागून राहिली होती, आणि घरून पत्र लिहिणारं कुणी नव्हतं.

दसरा झाल्यावर दादा शेंगांची पिशवी घेऊन खोलीवर आला. पाणी प्यायला आणि म्हणाला, "घरी देवी आल्ती."

"कुणाच्या अंगात?"

"तुझ्या वैनीच्या. नवरात्रात, आरती चालू आसताना. आबास्नी म्हनली, 'आरं, माझं ठानं श्रीगोंद्याला हाय, मला तिथं घिऊन चल, आन् त्या घरचा फेटा बांधून घे.' समद्यांच्या आदी आबाच आडवं झालं पायावर."

"मग?"

"मग काय, दुसऱ्या दिशी मोटारीनं सोता घिऊन गेलं तिला. फेटा बांधून आलं, अजून उतरवत न्हाईत. तुझी वैनी दिवाळीपतुर तिकडंच हाय." पिशवी माझ्याकडं सरकवत तो म्हणाला, "आन् तिचा निरोप हाय तुला. पुस्तक चांगलं हाय म्हनावं. कंचं पुस्तक, ते काय मला सांगितलं न्हाई."