दुःखाच्या घरचे अनारसे

पुण्याहून निघताना माझ्याकडे तीन पिशव्या होत्या. एक कपड्यांची, दोन फराळाच्या. कपड्यांची हरवली तरी चालेल, फराळाची नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. करंज्या, शंकरपाळे, चिवडा, सगळं घरी केलेलं. जायचं होतं वर्धा जिल्ह्यातल्या तळेगाव (श्यामजी पंत) इथे, मावसबहिणीकडे. नलूताईचे यजमान आषाढात गेले. ज्या घरातलं माणूस वर्षाच्या आत गेलं, तिथे दिवाळीची कढई चढत नाही. फराळ जिवलगांनी न्यायचा. रीत चांगली आहे, असं तेव्हा मला वाटत होतं.

वर्ध्याला सकाळी उतरले आणि सिंदी मेघेला भावाकडे गेले. वहिनीने पोह्यांवर तर्री (हरभऱ्याचा तिखटजाळ लाल रस्सा) वाढली. डोळ्यांत पाणी आलं तरी दुसऱ्यांदा घेतली. टेबलावर मिठाईच्या दुकानाचे खोके रचलेले होते.

"अनारसे दरवर्षी नलूताईचे असतात ना?" मी विचारलं. आर्वीपासून वर्ध्यापर्यंत तिच्या अनारशांना मागणी असते.

"यंदा कसे घेनार ताई?" वहिनी म्हणाली. "दुःखाचं घर हाय. देवापुढं ठेवा लागते."

मी मान डोलावली. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर रागावणार आहे.

दुपारची आर्वीची बस धरली. बाहेर कापूस फुटला होता, सोयाबीन निघालेली शेतं मोकळी पडली होती. वाटेतल्या एका फाट्यावर एक बाई चढली आणि तिने ज्वारीचं गाठोडं थेट माझ्या पिशवीवर टेकवलं.

"अहो, त्यात करंज्या आहेत!"

"अवं माय, सांगाचं ना मंग!" तिने गाठोडं उचललं, पिशवी चाचपली आणि म्हणाली, "जाऊ दे. पोटात जाऊन चुराच होते."

मी पिशवी उचलून मांडीवर घेतली. आर्वीला बस बदलली. बाजाराच्या रस्त्यावर सोयाबीनच्या ट्रॉल्यांची रांग होती, त्यामुळे तळेगावला पोचेपर्यंत ऊन कलंडलं.

नलूताईच्या फळीवर सोनपापडीचे नऊ खोके होते. मी मोजले. सगळे विकतचे, दोनांवर आधीच्या कुणाचं तरी नाव खोडलेलं. जिवलगांनी घरचं करून द्यायचं, ही रीत. इथे जिवलगांनी घरात पडून असलेलं पुढे ढकललं होतं. मी तणतणत माझा डबा उघडला. तिने करंज्यांचा चुरा पाहिला, हसली आणि मग म्हणाली, "तूबी आनलंच."

"म्हणजे?"

"गावानं आनून देल्लं, तू आनलं. पन मले कोनी करून माग्याले तयार नाई. दसऱ्यापासून एक फोन नाई. आन या घरात आता कमावनारे हात माह्येच. दुकानाची सवय लागली का गिऱ्हाईक परत येते का?"

मी पुण्यात दोन रात्री कढईपुढे उभी राहिले होते, तिला आधार म्हणून. तो आधार तिला कढईला टाळं लावल्यासारखा वाटला होता.

कोपऱ्यात स्टीलचा डबा होता. झाकण उघडलं तर अनारशाचं पीठ. तीन दिवस भिजवलेले तांदूळ, गूळ, मुरून मऊ झालेलं.

"हाताले सवय," ती म्हणाली. "भिजवले, कुटले. तळ्याची हिंमत नाई झाली."

"तूप कुठे आहे?" मी विचारलं.

फळीवरून कढई काढल्याचा आवाज ऐकून शेजारी राहणारी तिची जाऊ दारात आली. "नले, वर्ष नाई झालं अजून. लोकं काय म्हनतीन?"

नलूताई वळली. "तेरवीले वडे कुठं तळले वो बाई? याच आंगनात ना? अर्धं गाव जेवून गेलं. तुमाले खायाचं असलं का कढई चालते, मले जगाचं असलं का नाई?"

तेरवी म्हणजे तेरावा. जाऊ मागे सरली. गेली मात्र नाही, चौकटीला टेकून उभी राहिली.

नलूताईने खसखशीवर पहिला अनारसा थापला आणि तुपात सोडला. तो विरघळून पसरला. याला अनारसा हसला म्हणतात. "पाय, हाबी मलेच हसून राह्यला," ती म्हणाली. मी आच कमी केली. दुसरा टिकला. तिसऱ्याला अशी जाळी पडली की चौकटीतून आवाज आला, "आता बरा झाला."

परतताना माझे डबे त्या अनारशांनी भरलेले होते. सिंदी मेघेला मी एक डबा वहिनीपुढे ठेवला. "नलूताईने काल तळले. तिच्याच घरात." भावाने दोन उचलले. वहिनीने झाकण लावलं.

पुण्याच्या गाडीत बडनेरा येत होतं तेव्हा नलूताईचा फोन आला.

"वहिनीचा फोन आलता. म्हने, दोन किलो पाठवजो, पन कोनाले सांगू नोको."

"मग?"

"म्या म्हनलं, चोरून न्याले मी काय दारू विकून राह्यली? नाव सांगून नेशीन तं करतो." आमच्या दारूबंदीच्या वर्धा जिल्ह्यात हे वाक्य चांगलं लागतं.

"ती काय म्हणाली?"

"फोन ठेवला तिनं. मीबी ठेवतो आता, तूप तापलं."

"कुणासाठी?"

"जावेच्या लेकीच्या सासरी पाठवाचे हायेत. एकच डबा हाय, पन नाव सांगून."

एक डबा म्हणजे दिवाळी नव्हे. तिचं वर्ष त्यावर निघणार नाही, आणि निम्मा दोष माझ्यासारख्या मान डोलावणाऱ्यांचा आहे. पुण्यात इमारतीत अनारसे वाटताना मी प्रत्येकीला आधी सांगितलं, हे कुणी केले आणि तिच्या घरातलं कोण गेलं. बहुतेकींनी खाल्ले, तिघींनी नलूताईचा नंबर घेतला. दोघींनी हात मागे घेतला. त्यांना मी आग्रह केला नाही.