मुखियाचं ताट

मुखिया मोत्लोगेल्वाला खुर्चीत धड बसता येत नसे. गावाचा न्याय करणारा माणूस कसा ठाण मांडून बसावा, पण हा आपला सारखा चुळबुळत असे. त्यात आफ्रिकेतल्या या त्स्वाना लोकांची रीत अशी, की आधी गावानं बोलायचं, मुखियानं सर्वांत शेवटी. तोवर बिचारा पाय हलवत ऐकत राही.

त्या सकाळी चौकात गालेबोए मान खाली घालून उभा होता. केत्श्वेरेंगच्या काटेरी कुंपणात शिरून गाय पिळताना तो सापडला होता.

“आज दूध, उद्या गाय!” केत्श्वेरेंग गरजला. “फटके घाला.”

“घालाच!” बाकीच्यांनी री ओढली.

“का चोरलंस बाबा?” मोत्लोगेल्वानं विचारलं.

“बायको बाळंतपणात गेली, काका. तान्ही पोर ज्वारीची पेज ओकते. काय करणार?”

“अरे, मग मागायचंस!”

“मागायला आलो होतो तुमच्या दारात. तुम्हीच आतून ओरडलात, जेवतोय, उद्या ये.”

मुखियानं सर्वांच्या मागून जेवावं, ही म्हण तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. मोत्लोगेल्वाला ते जेवण आठवलं, दह्याचा वाडगाही आठवला, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो उठला, बसला, पुन्हा उठला.

“चोरी झाली, हे खरं,” तो म्हणाला. “गालेबोए, केत्श्वेरेंगच्या कुंपणाची डागडुजी तू करून द्यायची. फटके नाहीत. आणि माझी तांबडी गाय आजच तुझ्याकडे नेऊन बांध. गाय माझी, दूध पोरीचं.”

गरजूला गाय सांभाळायला देणं ही तिथली जुनीच चाल. पण लोक देतात ती भाकड.

“अहो, या दुष्काळात तुमची दुभती ती एकच!” केत्श्वेरेंग चाचरला.

“ठाऊक आहे मला.”

दुसऱ्या दिवशी बायकोनं पुढ्यात नुसतीच ज्वारीची घट्ट लापशी ठेवली. “दही मागू नका. न्यायनिवाड्यात गेलं.”

त्यानं हात धुतले, पण घास उचलवेना. तो तसाच उठून गालेबोएच्या घराकडे गेला आणि घामाघूम होऊन परतला.

“प्यायली पोर. पोटभर.”

“मग गिळा आता.”

कोरडी लापशी घशाखाली उतरेना, तरी त्यानं ती संपवली. त्यानंतर मरेपर्यंत, जेवताना दारात कुणाची चाहूल लागली, की तो आधी ताट बाजूला सारून उठे.